ती विकेट मी पाडली नाही

गावातल्या शाळेच्या मैदानाला फाटक बांधायचे ठरले, फाटकाशेजारच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवायचे ठरले, पाटीवर माझे नाव आणि माझा पराक्रम कोरायचे ठरले. आणि हे सगळे ठरून झाल्यावर, ज्याचा पराक्रम त्याला एकदा विचारावे असे कोणाच्या तरी मनात आले. पुतण्या कागद घेऊन आला. पुतण्या म्हणजे गावचा माजी सरपंच, मैदान समितीचा अध्यक्ष, आणि मी खेळलो त्या सामन्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेला त्याचा प्रत्यक्षदर्शी. त्याने खाकरून वाचायला सुरुवात केली : "हैदराबादच्या अंतिम सामन्यात सीमारेषेवरून थेट फेक करून विकेट उडवणारे आणि कॉलेजला एकट्याने विजय मिळवून देणारे..."

"खोटं आहे," मी म्हणालो.

"काय खोटं, काका?"

"थेट हे खोटं. आन् एकट्यानं हे त्याहून खोटं."

"सारं गाव सांगून राहिलं की."

"सारं गाव तिथं व्हतं काय? मी व्हतो."

पुतण्याने कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे, म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाकडे पाहावे तसे पाहिले. ते पाहणे मला ओळखीचे आहे. या गावात माझ्याविषयी निरनिराळ्या हकिगती चालतात, आणि प्रत्येक सांगणारा माझ्यासमोरच मला ती समजावून सांगतो. मी आजवर तोंडी भांडत आलो. आता लिहून भांडतो.

आमचे गाव औंढ्याच्या रस्त्याला. माझ्या लहानपणी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शाळेला सुटी शुक्रवारी असे, आणि चौथीच्या पुढे सारे शिक्षण उर्दूत चाले. क्रिकेट ही काय चीज आहे हे मला हिंगोलीच्या शाळेत जाईपर्यंत ठाऊक नव्हते. हिंगोलीला पूर्वी लष्कराची छावणी होती. छावणी उठून गेली, पण तिचे मैदान मागे राहिले. त्या मैदानावर वकील, तहसीलीतले कारकून आणि एक दाताचे डॉक्टर काथ्याची चटई अंथरून खेळत. आम्ही चेंडू आणून देण्याच्या निमित्ताने शिरलो आणि मग बाहेर निघालोच नाही.

आम्ही म्हणजे मी आणि गावच्या पिंजाऱ्याचा मुलगा. त्यांचे घर आमच्या आळीच्या टोकाला होते. बाप कापूस पिंजून गाद्या-उशा भरी. त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा तो टणत्कार सकाळपासून साऱ्या आळीत ऐकू येई. मुलगा माझ्याच वयाचा, बुटका, रुंद हाडाचा, हाताने विलक्षण मऊ. विलक्षण हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. त्याच्या हातात पडलेल्या वस्तूचा आवाज होत नसे.

माझा हात मात्र गोफणीने घडवला. ज्वारी दाण्यावर आली की पाखरे राखायला मला मचाणावर बसवीत. ज्यांनी गोफण फक्त चित्रात पाहिली आहे, त्यांना वाटते की गोफणीने पाखरू मारायचे असते. तसे कोणी करीत नाही. दगड कणसांत पडला तर पाखराआधी आपलेच पीक मोडते. दगड थव्याच्या अंगावरून, कणसांच्या शेंड्यांपासून वीतभर वर काढायचा, म्हणजे थवा उठतो आणि दाणा शाबूत राहतो. लांब फेकणे कोणालाही येते. वीतभर वर फेकणे शिकावे लागते. दुसरी गोष्ट रिकाम्या गोफणीची. दगड न भरता गोफण फिरवून झटका दिला की चाबकासारखा आवाज होतो आणि त्या आवाजानेच थवा उठतो. पण पाखरे हुशार असतात. दोन-तीनदा फसली की आवाजाला भीत नाहीत, उलट बिनधास्त खाली उतरतात. आणि ती उतरू लागली की मग खरा दगड सोडायचा. हे शास्त्र आमच्या भागातल्या प्रत्येक मचाणावर चालते. पिंजाऱ्याचा मुलगाही शेजारच्या मळ्यात रोजाने मचाणावर बसे. शेताच्या या टोकाकडून मी रिकामी गोफण वाजवी आणि त्या टोकाकडे तो काहीच घडले नाही असा निवांत बसून राही. कारण राखणदार उभा दिसला तर पाखरू उतरत नाही.

पुढे आम्ही दोघेही शिकायला हैदराबादला गेलो. मी जमिनीच्या जोरावर, तो तिथे गाद्यांचे दुकान असलेल्या चुलत्याच्या जोरावर. कॉलेजच्या संघात श्रीमंतांची मुले होती, त्यांच्याकडे पांढऱ्या फ्लॅनेलच्या विजारी होत्या. आमच्याकडे नव्हत्या. सुटीत आलो असताना हिंगोलीच्या एका शिंप्याकडून आम्ही खाकी कापडाच्या अर्ध्या विजारी शिवून घेतल्या; एकाच ठाणातल्या, एकाच मापाच्या नव्हेत, कारण तो रुंद होता. विकेटमागे उकिडवे बसायचे तर धोतर किंवा पायजमा चालत नाही, म्हणून खाकी कापडाची कल्पना त्याची होती. हे कापड वाचकाने ध्यानात ठेवावे. विकेटकीपरचे दस्ताने त्याने स्वतः तयार केले : जुन्या चामड्याची खोळ आणि आत बापाने पिंजलेला कापूस. संघातल्या पोरांनी नाव ठेवले 'गादीवाला'. त्याने ते हसून घेतले. मी घेतले नाही आणि एकाशी मारामारी केली. ती मारामारी मी जिंकली. तिच्याबद्दल मात्र गावात काहीच हकिगत नाही.

आता त्या सामन्याविषयी.

कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. समोरच्या कॉलेजची शेवटची जोडी मैदानात होती आणि त्यांना जिंकायला अगदी थोडे रन हवे होते. त्यांच्या कप्तानाने, एका नवाबाच्या मुलाने, चेंडू माझ्या बाजूला उंच नाही पण जोरात मारला. मी सीमेजवळ होतो. एक रन त्यांचा सहज झाला. मी चेंडू उचलला तेव्हा दोघेही फलंदाज आपापल्या जागी पोहोचून माझ्याकडे पाहत होते. माझा हात त्यांना ठाऊक होता, म्हणून दुसऱ्या रनाला ते निघत नव्हते. मी पूर्ण ताकदीने हात फिरवला आणि चेंडू सोडला नाही.

रिकामी गोफण. हात गेला, चेंडू कुठेच आला नाही. प्रेक्षकांत हशा झाला. सगळ्यांना वाटले की चेंडू माझ्या हातातून निसटून मागे पडला. तरीही तो नवाबजादा लगेच निघाला नाही. त्याने आधी विकेटकीपरकडे पाहिले, कारण तो चांगला खेळाडू होता आणि चेंडूची खबर विकेटकीपरच्या अंगावर दिसते हे त्याला कळत होते. आणि आमच्या गादीवाल्याने काय केले होते? तो उभा राहिला होता. दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान हलवून, जणू माझ्या नालायकीला कंटाळून तो दुसरीकडेच बघत होता. राखणदार मचाणावर निवांत बसला होता.

पाखरू उतरले. ते दोघे धावले, आणि मी खरा चेंडू सोडला.

चेंडू विकेटवर आदळला नाही. हे मी पुन्हा लिहितो, कारण गावाला हे ऐकू येत नाही : चेंडू विकेटवर आदळला नाही. तो विकेटपासून वीतभर वर आला, जिथे यायला हवा होता तिथेच. कमरेवरचे हात केव्हा निघाले ते कोणी पाहिले नाही. चेंडू त्या कापसात शिरला, आवाज झाला नाही, आणि पुढच्या क्षणी बेल्स खाली होत्या. नवाबजादा दोन हात दूर होता.

मला सांगतात की थेट विकेट उडवली असे म्हटले तर माझाच मोठेपणा वाढतो, मग माझे काय बिघडते? बिघडते ते असे. लांबून तीन काठ्यांवर चेंडू बसणे हा योग आहे. जन्मभर फेकणाऱ्याला तो कधीतरी बसतो आणि न फेकणाऱ्यालाही बसतो. वाटेल तेव्हा, धावत्या दमाने, वीतभर वर चेंडू नेऊन ठेवणे ही विद्या आहे. मला ती विद्या येत होती. थेट फेकीची हकिगत सांगणारे मला मोठा करीत नाहीत. विद्या असलेल्या माणसाला नशीबवान ठरवतात. आणि झेलणाऱ्याच्या हातातला चेंडू काढून घेतात.

सामना संपल्यावर नवाबजादा चिडून आमच्याकडे आला. "ये क्या खेल है? ये तो धोका है!"

मी उत्तर देण्याआधी माझ्या मित्राने दस्ताने काढत अदबीने सांगितले, "हुजूर, हमारे उधर चिड़ियां ऐसेइच उड़ाते."

पंच एक वयस्क प्रोफेसर होते. त्यांनी निवाडा दिला की हात फिरवू नये असे नियमांत कुठेही लिहिलेले नाही. तरीही हैदराबादेत पुढे काही लोक आमच्या विजयाला फसवणूक म्हणत राहिले. त्यांना माझे उत्तर तेव्हा जे होते तेच आज आहे : फसवले कोणाला? उभ्या राहिलेल्याला कोणी बाद केले नाही. जे धावले तेच बाद झाले.

बी. ए. झाल्यावर मी गावी परतलो, यावरही एक हकिगत आहे. म्हणे मी नापास झालो. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. त्या फेकीमुळे एका सरकारी खात्याने मला नोकरी दिली, कारण खात्याचा संघ होता. नोकरी मी काही महिने केली आणि सोडली, आणि का सोडली ते ऐका. खात्याचा विकेटकीपर चांगल्या घरचा, चांगल्या दस्तान्यांचा इसम होता. पण माझी फेक आली की तो हात बाजूला घेई. चेंडू मागे जाई, फलंदाज आणखी रन काढीत, आणि साहेब मला बोलावून म्हणत, "तुम्ही जरा हळू फेका." मी तीनदा सांगितले की चेंडू बराबर जागी येतो आहे, जागेवर माणूस नाही. चौथ्यांदा राजीनामा दिला. मला हळू फेकता येत नव्हते असे नाही. हळू फेकायला मी जन्मलो नव्हतो.

हिंगोलीच्या शाळेत मास्तर झालो. मित्र आधीच परतला होता. बापाचे डोळे गेले होते आणि धनुकली त्याच्या हाती आली होती. बी. ए. झालेला पिंजारी म्हणून लोक त्याची कीव करीत, तेव्हा तो म्हणे, "कापसाला इंग्रजी बोललं तर लवकर फुगतो." दर शुक्रवारी आम्ही कयाधूच्या कोरड्या पात्रात पोरांना खेळवायचो. मी लांबून फेकायचो, तो विकेटमागे बसायचा, दोघांच्या अंगावर त्याच खाकी विजारी, बुडाला ठिगळे लावलेल्या. गावात कापूस पिंजतानाही तो तीच घाले, कारण दुसरी चांगली नव्हती.

मग ते वर्ष आले. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव हिंडू लागल्या, धान्य नेऊ लागल्या, माणसांना मारू लागल्या. त्यांचा वेष खाकी होता. ते आमच्याही गावी आले आणि पिंजाऱ्याच्या दारात उभे राहिले : मुसलमान आहेस, शिकलेला आहेस, आमच्यात नाव घाल. त्याने घातले नाही. ते गेले तेव्हा त्याच्या अंगणात धनुकली दोन तुकडे होऊन पडली होती. ते तुकडे मी पाहिले, माझ्या चुलत्याने पाहिले, आळीने पाहिले. कित्येक दिवस आळीत तो टणत्कार नव्हता, आणि तरीही आळी पुढे विसरली.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामाचे राज्य संपले. त्या आनंदात मीही होतो; माझ्या दारावरही झेंडा होता, हे मी इतरांनी शंका काढण्याआधीच सांगून ठेवतो. पण काही दिवसांत आमच्या भागात मुसलमानांच्या घरांवर दगड पडू लागले. शाळा बंद होती म्हणून मी गावातच होतो. एके दिवशी दुपारी पारावर मंडळी जमली आणि त्यांनी मला बोलावले.

"मास्तर, तुमच्या दोस्ताला सांगा, गाव सोड म्हणून," एक वडीलधारे म्हणाले.

"काहून?"

"रझाकार हाय त्यो. खाकी घालून हिंडत व्हता. आमी डोळ्यानं पाहिलं."

"खाकी मीबी घालून हिंडतो. एका ठाणाची हाय."

"तुमची गोष्ट येगळी."

"काहून येगळी?"

एकाने तंबाखू मळायला घेतली. मी म्हणालो, तो कुठेही जाणार नाही, आणि जो त्याच्या दारात दगड टाकील त्याच्या दारात माझा दगड येईल, आणि माझा दगड चुकत नाही हे या गावाला माहीत आहे. यावर गावाची हकिगत अशी की मी गोफण घेऊन रात्रंदिवस त्याच्या घरावर पहारा दिला. दिला नाही. तशी वेळ त्यानेच येऊ दिली नाही. पारावरून मी सरळ त्याच्याकडे गेलो, तर तो गाठोडी बांधत होता.

"तू काहून जातूस? मी बोललो ना त्यांना," मी म्हणालो.

"बोललास, ऐकू आलं. साऱ्या गावाला ऐकू आलं." तो गाठ आवळत होता. "गड्या, तुझी फेक लांबून येती, ती मला झेलता येती. हे दगड जवळून येऊन राहिलेत."

"मी हाय ना."

"तू सीमेवरचा माणूस. विकेटमागं मी बसतो. इथं लेकरू हाय माझं."

माझ्याकडे याला उत्तर होते. मी नेहमीप्रमाणे बरेच बोललो. तो ऐकत राहिला आणि बांधत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची गाडी जुंपली आणि त्याला, त्याच्या बायकोला, आंधळ्या बापाला आणि लेकराला हिंगोलीच्या स्टेशनावर नेले. मी मुद्दाम खाकी विजार घातली होती आणि गाडी मुद्दाम पारावरून हाकली. पारावर बसलेल्यांपैकी कोणीही मला रझाकार म्हटले नाही. गाडीत गाठोड्यावर त्याचे दस्ताने पडले होते, चपटे झालेले. आतला कापूस काढून त्याने लेकराच्या उशीत भरला होता.

तो पाकिस्तानात गेला असे इथे सांगतात. तो हैदराबादेत चुलत्याच्या दुकानी गेला, तिथे त्याने मरेपर्यंत गाद्या भरल्या, आणि मी हैदराबादला गेलो की त्याच्याकडेच उतरे. भारतातून तो कधी बाहेर गेला नाही. गावातून त्याला बाहेर घालवले गेले, आणि ते लपवायला सरहद्द लागली.

त्याला स्टेशनावर सोडले त्या दिवसानंतर मी सामना खेळलो नाही. त्यावर हकिगत अशी की माझा खांदा निखळला. माझा खांदा आजही तुमच्यापेक्षा बरा आहे. पोरांना मी शिकवत राहिलो. स्वतः खेळलो नाही, कारण फेकीला दोन टोके असतात.

हे सगळे मी पुतण्याला त्या दिवशी ओसरीवर बसून सांगितले, आणि कागदावर माझ्या हाताने नवी ओळ लिहून दिली. तीत दोन नावे होती, फेकणाऱ्याचे आणि झेलणाऱ्याचे.

पुतण्याने ती ओळ वाचली. "काका, तुमी म्हनता ते खरं असंल. पर लोक काय म्हनतील? रझाकाराचं नाव शाळेच्या भिंतीवर?"

"रझाकार कशावरून?"

"आता... खाकी घालायचा म्हनतात."

मी आत गेलो. पेटीच्या तळाशी माझी विजार अजून आहे. कसरीने खाल्लेली, पण रंग ओळखू येतो. ती आणून मी त्याच्या मांडीवर टाकली.

"ही माझी. त्याची ह्याच कापडाची व्हती. आता दोघांपुढंबी रझाकार लिहा, न्हाईतर दोघांचीबी नुसती नावं लिहा. एकाचं नाव मी लागू देनार न्हाई."

"आन् समितीनं न्हाई ऐकलं तर?"

"तर उद्घाटनाला मी येईन. मला बोलायला सांगाल ना? मग मी बोलंन."

त्याला मी किती बोलतो हे माहीत आहे. तो विजारीची घडी घालू लागला. ती घडी त्याला जमेना, कापड फाटत होते. शेवटी तशीच ठेवून तो उठला आणि कागद खिशात घालून गेला. खिशात घातला, फाडला नाही, इतके मी पाहिले.

फाटक झाले, भिंत झाली, भिंतीत पाटीपुरता चौकोन सोडला आहे. समितीच्या बैठका चालू आहेत. पाटी पाथरवटाकडे कोरीच पडून आहे असे ऐकले, म्हणून परवा काठी टेकत तिकडे जाऊन आलो. चांगला दगड आहे. त्यावर दोन नावे सहज बसतात. मी वितीने मोजून पाहिले.